दारापाशच्या बाकाची राखण

अप्पर केनी, केंटकी.
मंगळवार. (इस्त्रीचा दिवस, पण उजव्या हाताने इस्त्री उचलत नाही, म्हणून लेखणी उचलली आहे.)

ती. हॅसीवन्संना धाकट्या भावजयीचा नमस्कार.

वाकून करत नाही, राग मानू नका. गेल्या महिन्यात भर चर्चमध्ये मी एकदाच वाकले, तर त्याचा एवढा बोभाटा झाला की आता बुटाची नाडीसुद्धा खुर्चीवर बसून बांधते. तुमची साखर कुठवर आली? पायाची सूज उतरली का? तुमची सून म्हणते तुम्ही अजून दुपारी कपाटामागे उभ्या राहून मक्याच्या पावाला काकवी लावून खाता. खा बापड्या, पण मग डॉक्टरकडे जाऊन तोंड पाडून बसू नका. इकडे मी ठीक. भोपळ्याचे वेल लागलेत, कोंबड्या चार दिवस रुसल्या होत्या त्या परत अंडी द्यायला लागल्यात, आणि माझे दातही सापडले. दात कुठे गेले होते ते पुढे येईलच. माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा अक्षराला हसू नका.

मर्टलने तुम्हाला फोन केला असणारच. तिच्या पोटात बातमी आणि ताक दोन्ही टिकत नाही. तिने सांगितलं असेल की इसी स्लोन अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सगळ्या मंडळींसमोर अर्ध्या कपड्यांत जमिनीवर पडली, ढसाढसा रडली आणि तिला देव भेटला. यातलं पडले एवढंच खरं. देव मला चौदाव्या वर्षीच भेटला, मार्च महिन्यात, बाप्तिस्म्याला ओढ्याच्या गारठ पाण्यात उतरले तेव्हा, आणि तेव्हापासून आमचं दोघांचं बरं चाललंय. पडले ती रिव्हॉल्व्हरमुळे. आता पहिल्यापासून सांगते, कारण मर्टल शेवटापासून सांगते.

तुमचे भाऊ फेब्रुवारीत गेले. तिसऱ्या आठवड्यात ऑर्व्हिल कॉडिल घरी आला. चर्चचा कारभारी म्हणून आला, पण टोपी काढायच्या आधी त्याची नजर सफरचंदाच्या पायवर गेली. दोन तुकडे खाल्ले, तिसऱ्याला नको नको म्हणत ताटली पुढे केली, आणि मग घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, दारापाशच्या बाकाचं काहीतरी ठरवावं लागेल." ते बाक तुम्हाला माहीत आहे. शेवटची ओळ, दाराच्या हाताला. आमचे डेल्बर्ट तिथे बावीस वर्षं बसले, कोटाखाली रिव्हॉल्व्हर लावून, कारण जो तिथे बसेल त्याने दाराकडे लक्ष ठेवायचं असा आपल्या चर्चचा शिरस्ता आहे. आणि त्यांच्या शेजारी बावीस वर्षं मी. त्या जागेची मला सवय आहे. तिथे खाली गरम हवेची जाळी आहे, माझ्या कमरेला बरी पडते. मोरी जवळ. जेवणाच्या रविवारी रांगेत पहिला नंबर. आणि तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात, कुणी नवीन कोट शिवला, कुणाचे केस मागून विरळ झाले, कोण कुणापासून चार बोटं लांब सरकून बसलं. इतकं पुढे बसलेल्यांना उपदेशातूनसुद्धा कळत नाही.

ऑर्व्हिल म्हणाला की ती जागा ग्लेना हेन्सलीला द्यायचं घाटतंय. (तीच ती, एकसष्टाव्या वर्षी कोल्ह्याच्या शेपटीच्या रंगाचे केस करून हिंडते. नवरा सोडून गेला तेव्हा तो बिचारा कुठल्या रंगाला कंटाळला कुणास ठाऊक.) तिच्याकडे नवं हलकं रिव्हॉल्व्हर आहे आणि तिने चालवायचं शिक्षणही घेतलंय. मला म्हणाला, "तुम्ही पुढे बसा ना वहिनी, पियानोजवळ. इतर विधवांबरोबर." वन्सं, इतर विधवांबरोबर! त्या बायका स्तोत्र चालू असताना खोकल्याच्या गोळ्या वाटून घेतात आणि एकमेकींची ऑपरेशनं मोजतात. मी म्हटलं, "ऑर्व्हिल, राखणच करायची ना? मी करते." त्याच्या घशात पायचा तुकडा अडकला. पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा कुठे खाली उतरला. (एक धपाटा जास्तच घातला.)

शेवटी असं ठरलं की पुढच्या शनिवारी त्याच्या जुन्या खाणीच्या सपाटीवर ग्लेनाने आणि मी पाच-पाच गोळ्या झाडायच्या. दहा पावलांवर कागदी ताटली. जिच्या जास्त लागतील तिचं बाक. पण अट अशी की जे रिव्हॉल्व्हर घेऊन चर्चमध्ये बसणार त्यानेच नेम धरायचा, उगाच एक दाखवायचं आणि दुसरं बाळगायचं असं नाही. ही अट ऐकताना मला काही वाटलं नाही. सगळी गोम त्या अटीतच होती, ते आठवडाभराने कळलं.

माझ्यापुढे दोन रिव्हॉल्व्हरं. एक डेल्बर्टचं, अख्खं पोलादी, आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं. एरवी काही फार वाटत नाही, पण अंगावर घेऊन चालायला लागलं की लोण्याच्या सहा वड्या एका खिशात घातल्यासारखं. दुसरं आपल्या शायलाचं. माझी नात, दवाखान्यात नर्स आहे, येताजाता जवळ ठेवते. ते कसल्याशा हलक्या धातूचं, डेल्बर्टच्याच्या निम्म्या वजनाचं. तिने हातावर ठेवलं तर मला वाटलं खेळण्यातलं आहे. म्हणाली, "आज्जी, हे खिशात आहे हे मी विसरूनच जाते." मी म्हटलं, विसरायचंच असेल तर बाळगायचं कशाला, घरीच ठेव. पण मनात म्हटलं, बघायला काय जातं. आधी पोलादी नेऊन बघू, मग हलकं झाडून बघू.

त्याच रविवारी पोलादी नेलं. सरावाला म्हणून नेलं. निळा रबरी नाडीचा स्कर्ट आणि त्याच्या उजव्या खिशात चामड्याच्या म्यानासकट रिव्हॉल्व्हर. बसून होते तोवर सगळं गोड होतं. ब्रदर लॉनीचा उपदेश संपला आणि त्याने हाक दिली की ज्याच्या मनावर ओझं असेल त्याने पुढे यावं, बाकीच्यांनी उभं राहून गावं. मी उभी राहिले. स्कर्ट राहिला नाही. उजवीकडून घसरला, मग डावीकडची बाजूही त्याच्या मागे निघाली. पहिल्या कडव्याला कमरेवर, दुसऱ्या कडव्याला जिथे असू नये तिथे. आत लांब परकर होता म्हणून आज तुम्हाला तोंड वर करून पत्र लिहिते आहे. मी काय केलं, पटकन खाली बसले, दोन बाकांच्या मधे, आणि स्कर्ट वर ओढायला लागले. तो येईना. म्यान बाकाच्या पायात अडकलं होतं.

आता तुम्हीच सांगा, आपल्या चर्चमध्ये शेवटच्या हाकेच्या वेळी एखादी बाई मटकन गुडघ्यांवर बसली, तोंड लाल, डोळ्यांत पाणी, तोंडाने "देवा, देवा" चाललेलं, तर लोक काय समजणार? तेच समजले. आधी मर्टल धावली. मग तिची बहीण. मग पियानोकडच्या सगळ्या विधवा, खोकल्याच्या गोळ्यांसकट. सगळ्यांनी माझ्यावर हात ठेवले. ब्रदर लॉनी आला आणि माझ्या डोक्यावर हात दाबून ओरडला, "सोडून दे, भगिनी इसी! घट्ट धरून ठेवलंयस ते सोडून दे!" मी कशाला सोडते! मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. तो म्हणे सोड, मी म्हणे नाही सोडणार, आणि सगळं चर्च रडतंय. त्यात मर्टलचा हात माझ्या मांडीवरून खाली गेला आणि तिथेच थबकला. "इसी, हे काय गं इतकं टणक?" कानाशी म्हणाली. मी म्हटलं, "ओझं आहे. तोंड मिट आणि गा." स्तोत्राची सहाही कडवी दोनदा झाली तेव्हा माझी सुटका झाली. बाहेर येताना तीन जणांनी अभिनंदन केलं. ग्लेना हेन्सलीने डोळे पुसत मला मिठी मारली आणि मिठीतच म्हणाली, "काकू, पट्टा लागतो त्याला. कमरेचा." म्हणजे त्या एवढ्या गर्दीत काय झालंय ते कळलं कुणाला, तर त्या कोल्हीला.

तेव्हा सोमवारी म्हटलं, मरू दे ते पोलाद, हलकंच बरं. शायला घेऊन आली, परसात कुंपणावर दुधाची रिकामी बाटली ठेवली. हलकं खिशात घालून मी दोन फेऱ्या मारल्या, जिना चढले-उतरले, कोंबड्यांना दाणे टाकले. स्कर्ट जागच्या जागी. इतकी खूश झाले की डेल्बर्टच्या फोटोलाही वाकडं बोलून आले, की जन्मभर लोखंड वाहिलंत, अक्कल असती तर हे घेतलं असतं. मग झाडलं.

वन्सं, मी सहा पोरं काढली, दोनदा खेचराची लाथ खाल्ली, एकदा वीज चुलीच्या धुराड्यातून खाली आली तेव्हा मी समोर भाकरी भाजत होते. पण असलं काही नाही. आवाज म्हणजे कुणीतरी कानात दार आपटलं. हात वर गेला तो माझ्या परवानगीशिवाय गेला. चष्मा एकीकडे, दात एकीकडे. दुधाची बाटली जिथल्या तिथे, माझ्याकडे बघतेय. शायला धावत आली, "आज्जी, हात हलव, बोटं हलव," आणि मी दातांशिवाय तिला काय काय बोलले ते तिला कळलं नाही हे बरंच झालं. मी म्हटलं, तू हे रोज झाडतेस? तर मान खाली. घेतल्यापासून पाच गोळ्या झाडल्या, म्हणाली, आणि पाचवीला रडले. म्हणे ही हलकी रिव्हॉल्व्हरं पुष्कळ बाळगायची आणि थोडी झाडायची असतात. अगं, मग सरळ साबणाची वडी बाळग, तीही हलकी असते! वजन नाही तर तो धक्का जाणार कुठे? पोलाद आपल्या अंगावर घेतं, हे सगळं माझ्या मनगटात उतरवून मोकळं. दात संध्याकाळी कोंबड्यांच्या खुराड्यात सापडले. एक कोंबडी त्यांवर बसली होती.

तर अशी कात्री. जे बाळगता येतं ते झाडवत नाही आणि जे झाडता येतं ते बाळगवत नाही. पूर्ण आठवडा मनगटाला पट्टी बांधून मी विचार केला आणि शेवटी पोलादीच धरलं. स्कर्टचं पुढे बघू म्हटलं, आधी बाक तर मिळू दे. आणि पोलादीचा सराव मला कशाला हवा? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याच रिव्हॉल्व्हरने मी विहिरीपाशी साप मारलाय, एका गोळीत. शिवाय ते भरलेलं होतं, बावीस वर्षं भरलेलं होतं, उगाच कशाला उघडायचं? दर रविवारी सकाळी तुमचे भाऊ ते कमरेला लावायचे, मोठा सुस्कारा टाकायचे आणि म्हणायचे, "देवाच्या घराची राखण आहे, इसी." परत आले की फ्रिजवर ठेवायचे. "हात लावू नकोस, भरलेलं आहे." बावीस वर्षं मी फ्रिजवरची धूळ त्याच्या कडेकडेने पुसली.

शनिवारी खाणीवर अर्धं चर्च. खुर्च्या, लिंबाचं सरबत, कुणीतरी तळलेली कोंबडी आणलेली, जसं काही आमचं लग्नच. आधी ग्लेना. हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, झोकात उभी राहिली. पहिली गोळी ताटलीच्या बरोबर मध्यात. लोक वा वा म्हणाले. दुसरीला डोळे मिटले ते मी पाहिलं, तरी कडेला लागलीच. तिसरीला आधी मिटले आणि मग झाडली, ती मागच्या मातीत. चौथीला चापच ओढला जाईना. ऑर्व्हिलने बघितलं तर धक्क्याने पुढची गोळी काडतुसातून सरकून बाहेर आलेली आणि गोळ्यांचं चाक अडकून बसलेलं. इतकं हलकं की स्वतःच्याच गोळ्या धरवत नाहीत त्याला. ग्लेना तळवा झटकत बाजूला झाली, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "पाचातल्या दोन, काकू. तुमच्या तीन लागल्या तर बाक तुमचं." निमूट म्हणाली. मला जरा रागच आला, भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी. ऑर्व्हिल म्हणाला, वहिनी, आधी उघडून दाखवा, नियम आहे. मी उघडायला गेले तर उघडेना. त्याने चाकूच्या मुठीने दोन टकटक केल्या तेव्हा गोळ्यांचं चाक करकरत बाहेर आलं. आणि आत, वन्सं, आत पाच पुंगळ्या. झाडलेल्या. रिकाम्या. पितळ हिरवं पडलेलं, तळ्यावरच्या शेवाळासारखं. एकीत तर कोळ्याने घर केलं होतं.

 कोंबडी खाणाऱ्यांचे हात तोंडापाशी राहिले. ऑर्व्हिलने एक पुंगळी काढून उन्हात धरली. "वहिनी," म्हणाला, "ही बावीस वर्षांची तरी आहे." मग मागे मनातल्या मनात हिशेब सुरू झाले ते मला चेहऱ्यांवर दिसले. किती रविवार. किती लग्नं, किती अंत्यविधी. त्या कारखान्यातून काढलेल्या माणसाने दारू पिऊन दारात तमाशा केला होता तो दिवस, तेव्हा डेल्बर्ट उठले आणि कोटाच्या आत हात घालून त्याच्याशी दहा मिनिटं हळू आवाजात बोलले आणि तो रडत घरी गेला. कोटाच्या आत काय होतं? गंज आणि कोळी! सगळं चर्च त्या माणसाच्या भरवशावर उपदेशात बिनघोर झोपलं, आणि मी? मी त्याच्या शेजारी बसून झोपले. पन्नास वर्षांच्या संसारात तो माणूस माझ्यापासून ख्रिसमसची भेटसुद्धा लपवू शकला नाही, आणि हे बावीस वर्षं फ्रिजवर ठेवलं! मी इतकी हबकले की त्यांच्यावर ओरडले. मोठ्याने. म्हटलं, डेल्बर्ट स्लोन, वर आले की बघते तुम्हाला. ग्लेनाने मला खुर्ची दिली.

त्या पुंगळ्यांचा उगम मला ठाऊक आहे. त्यांना बाक मिळालं त्याच वसंतात माझ्या घेवड्यात रानडुकराएवढी एक घूस शिरली होती. पाच गोळ्या झाडल्या, पाचही चुकल्या, घुशीने सगळा घेवडा खाऊन मग सावकाश प्रयाण केलं. त्यानंतर भरलंच नाही. चिक्कू होते हो तुमचे भाऊ, रागावू नका, एकच चहाची पिशवी तीनदा बुडवायचे. नवी काडतुसं आणायला जिवावर आलं, मग सांगायची लाज वाटली, मग राहूनच गेलं. बस, एवढंच असणार.

ऑर्व्हिलने तेल घातलं, नळीतून काठी फिरवली, नवी काडतुसं दिली. माझं मनगट सुजलेलं, पण डोक्यात राग होता आणि राग असला की माझा हात हलत नाही. पाच झाडल्या. चार ताटलीत. पोलाद हातात असं बसलं की जसं हलायचं नाही म्हणून सांगून ठेवलेलं. पाचवी मुद्दाम चुकवली असं मी सगळ्यांना सांगते.

तर बाक माझं. पियानोकडे कुणी गेलं नाही. दर रविवारी मी दारापाशी, तेल घातलेलं, भरलेलं पोलाद कमरेला, आणि अप्पर केनीचं चर्च बावीस वर्षांत पहिल्यांदा खरोखर सुरक्षित आहे असं ऑर्व्हिल सगळीकडे सांगत फिरतो. तुम्हीही मर्टलला तसं सांगा, आणि त्या स्कर्टचं पुन्हा काढलं तर फोन ठेवून द्या. प्रकृतीला जपा. काकवी कमी.

तुमची भावजय,
इसी

ता. क. स्कर्टचा प्रश्न सुटला. डेल्बर्टचे पँटचे खांद्यावरचे पट्टे सदऱ्याच्या आतून लावते. ग्लेनाने शिवून आखूड करून दिले. मी मागितले नव्हते.

ता. क. २. वर लिहिलं आहे की भरलेलं असतं. पहिल्या रविवारी होतं. उपदेश रंगात आला होता आणि माझी नजर दारावर, कारण आता काम माझं. दार उघडलं, आत काहीतरी चकाकलं, आणि माझा हात कोटाखाली गेला. मी नाही घातला, वन्सं, आपोआप गेला. मूठ हातात, म्यानाचं बटण उघडलेलं. ग्लेना होती. उशीर झालेला, हातात बटाट्यांचं भांडं, वरून चंदेरी कागद गुंडाळलेला. तिने माझा चेहरा पाहिला, मग माझा कोट पाहिला. भांडं छातीशी धरून तशीच उभी राहिली, रंग कोल्ह्याचा उरला नाही. मग हळूच येऊन माझ्या शेजारी बसली, डेल्बर्टच्या जागी. भांडं मांडीवरच धरून ठेवलं, खाली ठेवलं नाही. मी शेवटच्या स्तोत्राआधी मोरीत गेले आणि पाचही काडतुसं काढली. ती पिठाच्या डब्यात आहेत, तळाशी. त्या दारातून आजवर उशिरा येणारी आपलीच माणसं आली. तुमच्या भावाच्या चिक्कूपणाचं वर लिहिलं ते खोडायला आता शाई पुरायची नाही, तसंच वाचा. ऑर्व्हिलला हे कळता कामा नये. ग्लेनाला कळलंय, ती बोलणार नाही. पत्र जाळून टाका.

ता. क. ३. खरं म्हणजे एवढ्याचसाठी लिहायला बसले होते. ऑगस्टमध्ये चर्चचं वार्षिक जेवण आहे, यंदा या. तुमच्या मुलाला, रॉयला, गाडी काढायला सांगा, नाही म्हणाला तर मी येऊन त्याला सांगते. तुम्ही दरवर्षी दुसऱ्या स्तोत्रानंतरच पोचता, दोन्ही हातांत केक घेऊन, आणि मर्टल तुम्हाला सांगेल की यंदा इसी दारात बसते, बाहेरूनच हाक मारून आत जा. हाक मारू नका. घाई करू नका. नेहमीसारखं ढुंगणाने दार ढकला आणि आत या.